लटारूचा झाडू आणि माझे तीन जीबी

अहेरी

आदरणीय प्रफुलभाऊ,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे ठीक आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवा. तुमची तब्येत उत्तमच असणार. नागपुरात बसून फोनवर सल्ले देणाऱ्याच्या तब्येतीला काय होतंय?

आमच्या कार्यालयातला वनहक्क दाव्यांचा डेटाबेस तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या पुसलेल्या नोंदींचा कचरा पडद्यामागे साफ करणाऱ्या प्रक्रिया फार रेंगाळतात, अशी मी तक्रार केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मेमरी वाढवून दे, कंजुषी करू नको." तुम्ही थोरले, शिवाय डेटाबेसवरच पोट भरणारे. आठ जीबीच्या मशीनवर मी सफाईसाठी तीन जीबी लिहून टाकले. (डायरीत त्या दिवशी "आज औदार्य दाखवले" अशी नोंद आहे.) मला वाटलं, तीन जीबी सगळ्यांना मिळून, पंगतीत भाताचं एक घमेलं फिरतं तसं. इथे प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र घमेलं! एका वेळी धावणाऱ्या सफाईच्या प्रक्रिया, म्हणजे आपले सफाईवाले, तीन; प्रत्येकी तीन जीबी. एरवी साफ करायचे नोंदींचे तक्ते लहान, म्हणून कुणाची भूक कळली नाही. काल बाजाराच्या दिवशी तिघे एकदम मोठ्या तक्त्यांवर बसले, मेमरी संपली, आणि मशीनने स्वतःचा जीव वाचवायला डेटाबेसचाच गळा धरला; तो बंद पडला. बाहेर दाव्यांसाठी आलेली गावोगावची पन्नास माणसं उभी.

साहेबांनी दोन मिनिटांत कारण शोधलं: लटारू शिपाई सर्व्हरच्या खोलीत झाडतो, म्हणजे वायर त्यानेच हलवली. (झाडूच्या टोकाने नऊ जीबी सांडतात, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं होतं का?) निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाची पार तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला बदली! लटारू माझ्याकडे आला. "भाऊ, मी त त्या डब्याले भिऊन दुरूनच झाडतो. वायर काऊन हलवीन? बायको बिमार हाये, तिले कुठी ठेवू?" मी म्हणालो, "पाहू." (वीस वर्षांच्या नोकरीत एवढंच शिकलो.)

तेव्हा या सगळ्याचं मूळ तुमचा सल्ला आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

तुमचा धाकटा चुलतभाऊ,
अश्वजित

ता. क. डायरी पुन्हा वाचली. तुमच्या सल्ल्याखाली माझ्याच अक्षरात आहे: "भाऊ म्हणाले, एका वेळी किती सफाईवाले धावतात ते मोजून भाग दे." पुढे कंसात: "नंतर पाहू."

ता. क. २. आकडा कमी केला आणि साहेबांना खरं कारण लेखी दिलं. ते म्हणाले, "थे जीबीबिबी मले समजत नाई. पण एक माणूस सिरोंच्याले देतो म्हणून वरती कळवून राह्यलो." नाव तेवढं बदललं: लटारूऐवजी माझं. सिरोंच्यात तुमच्या ओळखीचे आहेत ना? खोली पाहून ठेवा. या वेळी आधीच मोजून सांगतो: माणसं चार, आणि खोली प्रत्येकी नको, सगळ्यांना मिळून.