उगवतीला गेलेला दर्या

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. मुळाक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत, मी सातवीची फायनल पास झाल्यावर कोळीवाड्यातला पहिला मास्तर म्हणून हाताखाली घेतलंत, वर तुमचा जुना काळा कोटही दिलात. हे मी नाकारत नाही. तुम्ही ते रोज बोलून दाखवत होतात, म्हणून विसरायची सोयही नव्हती. शाळेला चित्रं दाखवायचा तो मॅजिक लँटर्न मिळाला आणि तो बघायला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला यायचे ठरले. माझी नोकरी कायम व्हायची ती त्यांच्याच शेऱ्यावर.

तो वर्ग मला अजून दिसतो. खिडक्यांना गोणपाट लावलंय, भिंतीवर तुमचं धुतलेलं धोतर ताणलंय, पोरं घामानं निथळतायत. मी लँटर्नची वात नीट करायला पुढे होतो, तर तुम्ही म्हणता, "लांब राहा रे. मासळीचा वास लागायचा त्याला." माझ्याच वाड्यातल्या पोरांसमोर म्हणता. मग तुम्ही आपल्या किनाऱ्याच्या नकाशाची काच आत सरकवलीत आणि धोतरावर समुद्र उजव्या अंगाला उमटला. नकाशावर नावं नव्हती, म्हणून चूक तुमच्या ध्यानात आली नाही. पुढे बसलेली तांडेलाची मुलगी उठून म्हणाली, "गुर्जी, दर्या उगवतीला कसा? आपला त मावळतीला हाय." तुम्ही तिच्या थोबाडीत दिलीत. "सरकारी नकाशा चुकतो काय गं?" साहेब खुर्चीतून हे सगळं बघत होते. तेवढ्यात वात भडकली, आतल्या दिव्याची चिमणी तडकली आणि सगळा अंधार झाला.

मी गोणपाट ओढून काढलं. पोरांना भिंतीकडेनं ओळीत उभं केलं, तू रेवस, तू रेवदंडा, तू मुरूड, तू आगरदांडा, आणि होडीनं जाताना कुठली खाडी कधी लागते ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. त्या मुलीलाही उभं केलं, पण ती पाटी उचलून मागे जाऊन बसली. साहेब मला शाबास म्हणाले, आणि तिथेच माझा घात झाला. लँटर्न कसा बिघडला ते त्यांनी लेखी मागितलं, तेव्हा तुम्ही लिहिलंत की साहाय्यकाच्या हलगर्जीपणामुळे. ज्याला तुम्ही हात लावू दिला नाहीत, तो मी मोडला. मी कायम झालो नाही. पालीला एका भाताच्या वखारीत चिकटलो आणि दर्या सुटला तो सुटलाच.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून खरं लिहितो. तुम्ही काच पालथी धरलीत ते मी पाहिलं होतं. सांगायला वेळही होता. साहेबांपुढे तुमची फजिती व्हावी म्हणून मी तोंड मिटून उभा राहिलो, आणि जे मी सांगायचं ते त्या पोरीनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. विचारायला तुम्ही तिच्या घरी गेला नाहीत. तिचं घर माझ्या घरापासून चौथं होतं, मीही गेलो नाही.