चादरीची खालची कड

प्रिय लेका,

महिन्याच्या पहिल्या रविवारी तुझा फोन येतो, तू तब्येत विचारतोस, मी बरी आहे म्हणते आणि दोन मिनिटांत आपलं बोलणं आटोपतं. या रविवारी घरचा फोन वाजून वाजून थांबला असेल. काळजी करू नकोस, मी घरी नाहीच. निवृत्तीनंतर भिंतींकडे बघत बसायचा वैताग आला, म्हणून तीन आठवड्यांचं एक काम धरलंय. सहावी ते आठवीतल्या हुशार मुलांचं निवासी उन्हाळी शिबिर आहे. सुट्टीत ओस पडलेल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात साठ मुलं राहतात. सकाळी गणित, दुपारी विज्ञान, संध्याकाळी वादविवाद, आणि मधल्या वेळात एकमेकांच्या उशा पळवणं. मी मुलींच्या मजल्याची मावशी. ताप मोजायचा, फुटलेल्या गुडघ्यांना मलम लावायचं, चादरी बदलायच्या. जन्मभर हॉस्पिटलच्या वॉर्डात राबलेल्या बाईला यात काय अवघड?

पण पहिल्याच आठवड्यात मला एका मुलीनं कामाला लावलं. बारा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'का' म्हणते, म्हणून पोरांनी तिचं नाव काकू ठेवलंय. ही काकू एकदा मागच्या अंगणात आली. मी चादरी वाळत घालत होते. मला म्हणाली, "मावशी, दुहेरी घडी घातलेली चादर एकेरीपेक्षा दुप्पट वेळ घेते का?" मी म्हटलं, घेत असेल, मला काय माहीत. "मग बघू या का?" झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या तीन दोऱ्या ठरल्या. एक चादर उलगडून, एक दुहेरी, एक चौपदरी. दर दहा मिनिटांनी हात लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. एकेरी चादर पाऊण तासात वाळली. दुहेरीला दीड तास लागेल असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, तर अडीच तास लागले. चौपदरीचा आतला पदर संध्याकाळी चारलाही गारच होता. आणि तिन्ही चादरींची खालची कड सगळ्यात शेवटी वाळली. अरे, हजारो चादरी वाळवल्या मी आयुष्यात. कड शेवटी वाळते हे माझ्या बोटांना ठाऊक होतं, पण का, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आता जेवतानाही त्याच विचारात माझा घास हातात राहतो, असं झालंय.

दुसऱ्या आठवड्यात शिबिराची चाचणी झाली. काकू शेवटून दुसरी आली. एका गणितात अडकली, ते तिला आवडलं आणि बाकीचा पेपर राहून गेला. त्यानंतरच्या रविवारी पालक भेटायला येणार होते, म्हणजे तू फोन केला असशील तोच दिवस. सकाळी दहाला फाटक उघडलं आणि काकू गायब. सगळे शोधायला लागले. मला सापडली ती चादरींच्या खोलीत, घोंगड्यांच्या थप्पीमागे, गुडघ्यांत डोकं घालून. "मावशी, मी नाही म्हणून सांगा ना," एवढंच म्हणाली. त्या वाक्यात 'का' नव्हतं.

तिची आई खाली उभी होती. नीटनेटकी साडी, हातात प्रमाणपत्रांची फाईल. मुलगी सापडली, सुखरूप आहे, असं मी सांगितलं. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच विचारलं, "गुण किती पडले तिला?" लेका, मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. तिचा आवाज मला फार ओळखीचा वाटला. मी म्हटलं, गुण ऑफिसात मिळतील, आधी जरा मागच्या अंगणात चला. मग वर जाऊन काकूला म्हटलं, चौपदरी चादरीची वेळ झाली, वही घे. वहीचं नाव काढल्यावर उठली.

अंगणात काकूनं पुटपुटत सगळं सांगितलं. आईनं दोनदा घड्याळ बघितलं. "याला गुण असतात का?" असं विचारलंच. पोरीनं वही मिटली. मधे न पडणं मला किती जड गेलं म्हणून सांगू. मग त्या बाईनं उगाच, हाताला चाळा म्हणून, चादरीची कड चिमटीत धरली. "ही अजून ओली कशी?" तिच्या तोंडून निघून गेलं. काकूनं वर बघितलं. पुढचा पाऊण तास त्या दोघी दोरीखाली उकिडव्या बसून होत्या. जाताना आई ऑफिसात गुण विचारायला गेलीच, नाही असं नाही. पण फाईल अंगणातच विसरली होती, ती मला धावत नेऊन द्यावी लागली.

तेव्हापासून मला तू अकरा वर्षांचा दिसतोस. तू माझ्या कपाटाचा कप्पा बाहेर काढून मांडीवर घेतला होतास. "आई, एकही खिळा नाही, मग याच्या फळ्या एकमेकींना धरून कशा राहतात?" मी विचारलं, परीक्षेत येणार आहे का? आणि तू पुन्हा काढू नयेस म्हणून त्या कप्प्याला दोन खिळे ठोकले. पुढे तू दुसऱ्या वर्षी मेडिकल सोडलंस, सुतारकाम शिकलास, स्वतःची कार्यशाळा उघडलीस. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की मी 'बाहेरगावी असतो' म्हणते. आठ वर्षं झाली. कार्यशाळा उघडलीस त्या दिवशी मला ड्यूटी नव्हती, लेका. मी खोटं सांगितलं होतं.

शिबिर शनिवारी संपतंय. परतीची बस तुझ्या गावावरून जाते. मी दोन तास उतरू का? घरी जेवायला बोलाव असं म्हणत नाही. कार्यशाळेत एका बाजूला स्टूल टाक, मी बसून तुझं काम बघेन, मधे बोलणार नाही. इथल्या ऑफिसचा नंबर पत्रामागे लिहिलाय; नको असेल तर तसं कळव, मी समजून घेईन. येऊ दिलंस तर एकच विचारायचं आहे. नवं लाकूड पुढ्यात आलं, की तू सगळ्यात आधी त्यात काय बघतोस? मला खरंच माहीत नाही.

तुझ्या होकाराची किंवा नकाराची, दोन्हींची वाट बघणारी,

तुझीच
आई