शेवटच्या स्टेशनापर्यंत

सोमवार, ५ एप्रिल २००४

आईनं ही वही दिली त्याला तीन महिने झाले. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात – "हर्षा, रोज लिहीत जा." रोज! जानेवारी उद्या-उद्या करत गेला, फेब्रुवारी तसाच, आणि मार्चभर वही कपाटामागे पडून होती. आज सापडली म्हणून लिहितेय. दुसरं काही कारण नाही.

नागपुरात कॉलेज दोनदा सोडलं. मग धम्मदीपदादा – मावसभाऊ – म्हणाला, "पाठवा सिंगापूरला, मी बघतो." म्हणून इथे टुरिझमचा डिप्लोमा. दादा आणि वहिनी सेंगकांगला राहतात, बाराव्या मजल्यावर. दोघं साडेसातला कामावर जातात. माझी इन्स्टिट्यूट जुरोंग ईस्टला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला.

या सत्रातला मोठा पेपर – 'युरोपातली ऐतिहासिक शहरं'. पडदे ओढून अंधार करतात आणि भिंतीवर प्राग दाखवतात. मग फ्लॉरेन्स. मग व्हिएन्ना. वर्गात तीस जण, युरोप एकानंही पाहिलेला नाही. सरांनीसुद्धा नाही – मी विचारलं! परवा पडदा जरा सरकवून खाली बघत होते. "मिस, द लाइट!" सर ओरडले. बाहेर अख्खं शहर उभं आहे आणि आम्ही अंधारात बसून दुसरंच पाठ करतोय. मला नाही जमत. मी बुडवते. कुठल्याही बसमध्ये चढते, वाटेल तिथे उतरते. हजेरी नव्वद टक्क्यांच्या खाली गेली की स्टुडंट पास रद्द, आणि पास रद्द की घरी. माहीत आहे. सगळं माहीत आहे.

मावशी – दादाची आई – मार्चमध्ये आलीय, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच आठवड्यात हरवली. खाली कोथिंबीर आणायला गेली, येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरली. इथले ब्लॉक सगळे एका साच्यातले. बाराव्या मजल्यावर जाऊन तिनं भलत्याच दाराला किल्ली लावली. आतून एक मलाय बाई आली, तिनं बसवलं, सरबत दिलं. दोन तासांनी दादा ऑफिसातून धावत आला. तेव्हापासून हुकूम – "आई, एकटीनं खाली उतरायचं नाही. पुन्हा असं झालं तर तिकीट अलीकडचं करून परत पाठवीन."

आईला म्हणाला! पार्सल आहे का ती?

बुधवार, ७ एप्रिल

वर्गात गेले. व्हिएन्ना. झोपले.

मंगळवार, १३ एप्रिल

सकाळी निघाले तर मावशी दाराशी उभी. "चालली?" "हो." "मी येऊ?"

सहज विचारल्यासारखं. पण केस विंचरलेले, पदर खोचलेला आणि पायात दादाचे जुने स्पोर्ट्स शूज! "चपलेनं त्या सरकत्या जिन्याचं भेव वाटते," म्हणे. म्हणजे रात्रीच ठरवलं होतं बाईनं.

वर्ग गेला खड्ड्यात. खरं सांगायचं तर त्याआधीच सात दिवस बुडवले होते, मावशीवर बिल फाडण्यात अर्थ नाही.

मेट्रोच्या जांभळ्या गाडीत पुढच्याच डब्यात बसलो. तिनं पुढच्या काचेतून पाहिलं. "चालवते कोण?" "कुणीच नाही." "मग कोणाच्या भरवशावर बसायचं, बाप्पा?" शेजारचा चिनी पोरगा तिच्या तोंडाकडे बघून हसला, तर तीही हसली. "कुठं उतरायचं?" "काय माहीत! शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ." गेलो. पाणी बघितलं, उलटे फिरलो. मग धोबी घाटला गाडी बदलून लालमध्ये. हे स्टेशनाचं नाव ऐकून तिला फारच आनंद झाला. लाल गाडीचं शेवटचं स्टेशन म्हणजे माझं जुरोंग ईस्ट. लांबचा वळसा आहे, निम्मं सिंगापूर फिरून जाते, मी रोज तशी जात नाही. पण मावशीला तीच आवडली. "शेवटच्या स्टेशनात माणूस चुकूच शकत नाही," म्हणाली. "गाडीच रिकामी होते." स्टेशनाबाहेरची माझी इन्स्टिट्यूट तिला लांबूनच दाखवली.

इंग्रजी येत नाही तिला. रंग येतात.

तिचं वेगळं ईझी-लिंक कार्ड, म्हणजे गाडी-बसच्या तिकिटाचं, काढून दिलं. ते ती वंदनेच्या पुस्तकात ठेवते. दादा तिथे कधीच बघणार नाही!

गुरुवार, २२ एप्रिल

रेसकोर्स रोडवरचं बुद्धविहार. बसलेली मूर्ती, दोन-तीन मजले उंच, भोवती दिव्यांच्या माळा. मावशी बराच वेळ मान वर करून उभी. मग – "केवढा गोरा केला गं यायनं." मी हसू दाबतेय तोवर ती खाली बसून वंदना म्हणायला लागली, मोठ्यांदा, घरी म्हणते तशी. एक चिनी आजी शेजारी येऊन बसली. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता, पण तिसऱ्या 'सरणं गच्छामि'ला तिनं हात जोडले. जाताना मावशीच्या हातात दोन संत्री ठेवली.

"आपल्या नागपूरची नाहीत," मावशी गाडीत सोलून खाताना म्हणाली. गाडीत खायला बंदी आहे! मी तिचाच पदर धरून आडोसा केला.

आज वर्गात काय होतं? रोममधली चर्चेस, बहुतेक.

गुरुवार, २९ एप्रिल

पुलाउ उबीन. आजचं नीट लिहायचं.

चांगीच्या धक्क्यावरून बमबोट. लाकडी होडी, बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही. आम्ही दहा. म्हातारा नावाडी पेपर वाचत बसलेला. वीस मिनिटं झाली. मावशी उठली, धक्क्यावर दोन सायकलवाले फोटो काढत होते, त्यांना हात करून – "चला, चला! दोनच पाहिजेत!" चक्क मराठीत. ते आले! नावाडी पेपर घडी करून म्हणाला, "युअर मदर, व्हेरी गुड बॉस."

बेटावर पत्र्याच्या छपरांची जुनी घरं, खांबांवर उभी. अंगणात कोंबड्या. दारं उघडी. मावशी प्रत्येक दारासमोर थांबायची. "इथं घर ओळखू येते," म्हणाली. बस, एवढंच.

सायकली भाड्यानं देतात तिथे मी माझ्यापुरती घेत होते. वळून पाहते तर मावशीनं एक लेडीज सायकल बाहेर काढलेली, दोन्ही ब्रेक दाबून बघतेय. "मावशी, अगं पडशील!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाट सोडली. साडी वर खोचली, दादाचा बूट पॅडलवर, आणि गेली. गेलीच! चढावर मी मागे धापा टाकतेय आणि पुढे तिची घंटी.

जुन्या दगडखाणीच्या तळ्यापाशी थांबली तेव्हा गाठलं. ती नर्सबाई होती हे लहानपणापासून ऐकत आले, पण डोळ्यापुढे कधी आलंच नव्हतं. "तीस वर्षं फिरली मी सायकलवर, समुद्रपूरच्या खेड्याईतून," म्हणाली. "लशीची पेटी कॅरियरले. नाल्याले पाणी असलं तर सायकल खांद्यावर. बाळंतपणं केली, कोणतं घर कोणाचं ते अंधारात सांगत होती. एक दिवस हरवली नाही. आन् माह्या पोराले वाटते, मले कोथिंबीर आणता येत नाही."

मग शहाळं प्यायलो. निघताना – "धम्मदीपले नको सांगू." "का? तू कशाला भितेस त्याला?"

"मी नाही भीत. तो भिते."

बुधवार, ५ मे

अहवाल द्यायचा होता – 'युरोपातल्या ऐतिहासिक शहरातला माझा एक दिवस'. जणू गेलोच होतो! सगळ्यांनी नेटवरून प्राग उतरवलं. एकोणतीस प्राग. मी उबीन लिहिलं, बारा माणसांची होडी, घंटी, सगळं. सरांनी शून्य दिलं. "मिस हर्षा, धिस इज नॉट युरोप."

बरोबर आहे सर. पण मी गेले होते.

सोमवार, १० मे

पत्र आलं. दादाच्या नावानं, कारण इथे माझा गार्डियन तो. हजेरी एकाहत्तर टक्के. शुक्रवारी कारण घेऊन या, नाहीतर पास रद्द करायची शिफारस.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता खुर्चीत बसला. "माझ्या सहीवर आलीस तू इथे, हर्षा. कुठे जात होतीस?" "फिरत होते." "कुणाबरोबर?" "एकटी."

मावशी टेबलाशी वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिनं तोंड उघडलं, मी मान हलवली – नको. तिकीट अलीकडचं करील तो.

मग दादानं तोड काढली. ऑफिसात कुणीतरी सांगितलं म्हणे – घरात म्हातारं माणूस आजारी असेल आणि गार्डियननं तसं लेखी दिलं तर सांभाळून घेतात. बसल्या बसल्या लॅपटॉपवर लिहिलंसुद्धा. आईची प्रकृती ठीक नसते, एकटीनं हिंडूफिरू शकत नाही, बहीण तिच्याजवळ थांबत होती.

"कोण आजारी?" मावशीनं विचारलं.

"आई, फक्त कागदावर गं."

शेंगा सोलायचं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

मंगळवार, ११ मे

मावशी माझ्याशी बोलत नाही. दादाशीही नाही. शूज पुसून कपाटात परत ठेवलेत.

गुरुवार, १३ मे

प्रियदर्शिनीवहिनी म्हणाली, "दे ते पत्र आणि मोकळी हो. कागद तर आहे." वहिनी वाईट नाही, तिला मी इथे राहायला हवीय. मलाही राहायचंय! परत गेले तर तिसऱ्यांदा सोडलेलं कॉलेज, आणि मग कुणी कुठे पाठवणार नाही मला.

पण कागद नाही तो. त्या कागदात मावशी खाटेवर पडलीय. आणि खाली तिच्या पोराची सही आहे.

शुक्रवार, १४ मे, सकाळ

निघताना मावशी बुद्धाच्या फोटोपुढे बसलेली, मांडीवर वंदनेचं पुस्तक. "येते," म्हटलं. वर पाहिलं नाही. पत्र बॅगेत आहे. अजून ठरलं नाही.

नाही, ठरलंय.

शुक्रवार, साडेअकरा

इन्स्टिट्यूटच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर कसंही येऊ दे, कुणी बघणार नाहीये.

आत मिस गोह, हजेरीचं काम बघणाऱ्या. समोर फाइल, फाइलवर माझा फोटो. आवाज चढवला नाही. "एमसी आहे? डॉक्टरचं काही?" "नाही." "घरी कुणी आजारी?" अगदी मऊपणानं विचारलं. दार उघडून धरल्यासारखं. हात बॅगेत होता, पत्राचा कोपरा बोटाला लागत होता.

म्हटलं, "नाही. माझी मावशी आहे, ती ठणठणीत आहे. बासष्टीची आहे आणि माझ्यापेक्षा जोरात सायकल चालवते. मी तिच्याबरोबर शहर बघत होते. त्याआधी सात दिवस एकटीच. तेवढे माझे. लिहून घ्या."

मिस गोहनी पेन खाली ठेवलं. "आणि हे खरं आहे असं कोण सांगणार? तुझे गार्डियन?"

"नाही सांगणार."

"मग कोण?"

म्हटलं, कुणी नाही. त्या प्रिन्सिपॉलकडे गेल्या, वीस मिनिटं झाली. पत्राची चार घड्या करून या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात सारलंय. पाठवा घरी! पाठवायचं तर पाठवा. पण मावशीला आजारी करून मी इथे राहणार नाही.

पावणेबारा

खालचे सेक्युरिटी अंकल धापा टाकत वर आलेत. "यू हर्षा, आह? डाउनस्टेअर्स गॉट वन आंटी. नो इंग्लिश. ओन्ली से हर्षा, हर्षा."

कुणाबरोबर आलीय, विचारलं.

"अलोन, लाह! साडी – बट मॅन्स स्पोर्ट्स शूज."