खोकला ऐकू आला की समजायचं

अहो मयूरीचे पप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनातच बोलते. आज कागद घेऊन बसले, कारण काल विहारासमोर जयंतीचं नाटक होतं, आणि तिथे जे झालं ते अख्ख्या परतूरमध्ये दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

यंदा आपल्या पोरीला मोठं काम होतं. ऊसतोड्याची मुलगी. आईबाप कारखान्याला निघतात आणि ही म्हणते, मी येणार नाही, मला शाळेत जायचंय. वस्तीतल्या पोरांचं नाटक बसवणारा अमोल म्हणाला होता, "वहिनी, बघाच तुम्ही, मयूरी रडवती का न्हाई लोकायला." तुम्हाला केवढी हौस होती! असायला नको होतं का तुम्ही?

आठवतं, मागच्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर जाताना ती कशी माझा पदर सोडत नव्हती? तुम्ही तिला जवळ घेतलंत. "भिऊ नको. लाइटामुळं मी दिसणार न्हाई तुला. पण माझा खोकला ऐकू आला की समजायचं, पप्पा हितंच हायेत. मंग बिनधास्त बोल." मी हसले होते. म्हटलं, चला, या खोकल्याचा काहीतरी उपयोग झाला.

काय खोकला होता तो! जिनिंगमधून यायचात ते भुवयांवरसुद्धा कापसाची भुकटी घेऊन. काढे झाले, जालन्याचे डॉक्टर झाले. जिनिंग सोडा म्हणून मी किती भांडले! "सोडून खायचं काय?" एवढंच तुमचं उत्तर. हा खोकला एकदाचा थांबू दे, असं मी रोज म्हणायचे. थांबला. आता घर इतकं गप्प असतं की मला बसवत नाही.

दिवाळीपासून मीच तुमच्या जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. रागावलात? मग दुसरं काय करू, सांगा की!

असो. काल मयूरी स्टेजवर आली. नाटकातला बाप म्हणाला, "चल पोरी." आणि ही गप्पच. लाइटाकडे बघत, मान जरा वाकडी करून उभी. अमोल मागून कुजबुजला, "बोल ना मयूरी!" लोक चुळबुळ करायला लागले. मला वाटलं, वाक्य विसरली. मग त्या वाकड्या मानेवरून लक्षात आलं. ती कान देऊन उभी होती हो! तुमचा खोकला येतो का, याची वाट बघत होती.

काय करायला हवं होतं मी? मी खोकले. अगदी तुमच्यासारखं, घसा खरवडून, दोनदा.

तिसऱ्यांदा मी खोकले नाही. तो आपोआप आला. मग थांबेचना. शेजारची बाई पाठ चोळायला लागली, कुणी पाणी आणायला पळालं.

मयूरीने स्टेजवरून उडीच मारली. भरल्या मंडपात धावत आली आणि माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून ओरडली, "आई, तू न्हाई खोकायचं! तू न्हाई!" अमोलने पडदा ओढून घेतला.

घरी आल्यावर मी तिला समजावलं, "मुद्दाम केलं गं. तुला धीर यावा म्हणून."

"खरंच?"

"बिलकुल खरं."

पहिले दोन मुद्दाम होते. बाकीचे कशाचे, ते तुम्हाला सांगायला हवं का?

तुमचा राग येतो मला. निघून गेलात आणि खूण तेवढी मागे ठेवलीत. दुसरी कुठली खूण सुचली नाही? टाळी वाजवायची, शिट्टी मारायची! खोकलाच सापडला तुम्हाला?

रविवारी तीर्थपुरीला हेच नाटक आहे. ती जाणारच नव्हती. सकाळी स्वतःहून म्हणाली, "जाते. पण तू समोर बसायचं. मला काहीच ऐकू आलं न्हाई की मी समजीन, आई बरी हाय. मंग बोलीन मी."

तर तुम्हाला वचन देते. रविवारी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसेन, जीव गेला तरी चालेल, पण तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तिला काही ऐकू येऊ देणार नाही. त्यानंतरचं मला माहीत नाही.

तुमची,
मयूरीची आई