मुद्दाम बाहेर फेकलेला चेंडू

आई, आज सोमवार, मला सुट्टी आहे आणि टीव्हीवर तुझा तो अमेरिकन फुटबॉल चालू आहे. मी बघत नाहीये, नुसता आवाज असू दिलाय. दमलेय गं. हल्ली झोपून उठले तरी दमलेलीच असते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस.

इथल्या हेन्डरसन उपनगरातल्या माझ्या भाड्याच्या घरात तू सहा महिने राहायला आली होतीस. तुला क्रिकेट बघता यावं म्हणून मी पैसे भरून ते नवं चॅनल घेतलं, आणि क्रिकेट नसलं की सोमवारी सकाळी त्यावर हा खेळ लागायचा. अमेरिकेतला रविवार इथे सोमवारी उजाडतो. तू मटार सोलता सोलता पंधरवड्यात सगळे नियम शिकलीस. जन्मभर पुण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं, आकडे दिसले की तुला राहवायचं नाही. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो, चेंडू फेकणारा. त्याच्या फेकींवरून एक आकडा काढतात आणि पडद्यावर दाखवतात. तुझा लाडका होता एक थोराड माणूस, हेल्मेट काढलं की टक्कल. त्याचा आकडा कायम रडका. तू त्याला टकलू म्हणायचीस आणि त्याच्यावरून टीव्हीशी वाद घालायचीस.

त्या सोमवारी मी वीकेंडची ड्यूटी संपवून आले होते आणि डोकं फिरलेलं होतं. तेव्हा इस्पितळं कंपनीसारखी चालवायची टूम निघाली होती. आमच्या मॅनेजरने वॉर्डातल्या प्रत्येक डॉक्टरचा आकडा काढला होता: याचे पेशंट सरासरी किती दिवस राहतात. म्हाताऱ्यांच्या त्या वॉर्डात सगळ्यांत जास्त राहायचे ते माझे. उन्हाळा संपला की माझं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, आणि पुढे मला ठेवायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरणार होतं. यातलं मी तुला काही बोलले नव्हते. तू आपली टकलूची बाजू घेतेयस, आणि मी एकदम खेकसले की आकडा कमी म्हणजे माणूस कमी, मोजल्याशिवाय बोलू नका हे तूच शिकवत आलीस ना?

तू शेंगांची परात बाजूला सारलीस. मोजा म्हणत होते, म्हणालीस, काय मोजलंय ते न बघता माना डोलवा असं कधी म्हणाले? मग झाला तुझा तास सुरू. समोरचे अंगावर धावून आलेत, आपला एकही गडी मोकळा नाही, तेव्हा टकलू चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर फेकून देतो. नुकसान टळतं, पण हिशेबात ती फुकट गेलेली फेक. दुसरा एखादा चेंडू कवटाळून बसतो, आपटला जातो, अख्खा संघ मागे ढकलला जातो, आणि त्याच्या आकड्याला ओरखडासुद्धा नाही, कारण त्याने फेकलंच नाही. आकडाच सांभाळायचा तर आपटून घेतलेलं बरं, असं म्हणून तू हसलीस. मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं तुला. वाटलं, आता तरी म्हणशील की तू चांगली डॉक्टर आहेस.

"तुला काम करताना मी कुठे पाहिलंय?" तू म्हणालीस.

इतका संताप झाला होता माझा. जीव गेला तरी पुराव्याशिवाय कौतुक करणार नाही ही बाई! पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर साडीवर माझं कार्डिगन, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तू गाडीत बसलेली. वॉर्डात नातेवाईक दिवसभर असायचेच, तुला कोणी हटकलं नाही. आमच्या माओरी सिस्टरने ‘किया ओरा’ म्हणून तिच्या भाषेत नमस्कार केला आणि तुला खुर्ची दिली. कोपऱ्यातल्या आजोबांची बायको समजून कोणीतरी चहा-बिस्किटं आणली, धीर दिला. तू खुलासा केला नाहीस, बिस्किटं खाल्लीस. मी एका म्हाताऱ्याला घरी सोडायला नाही म्हणत होते. जखम भरली होती, पण घरी जिना, आणि तो एकटा. त्याची मुलगी लांब ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी डेअरी फॅक्टरीत कामाला, गुरुवारी येणार होती. मॅनेजर येऊन खाट मागून गेला. तसा पाठवला असता तर माझा आकडा सुधारला असता. जिन्यावरून पडून परत आला असता, तर गेला असता हाडांच्या वॉर्डात, दुसऱ्याच्या हिशेबात.

परतताना मोटरवे लागला. तू पुढे बघतच म्हणालीस, "तुझा आकडा वाईट आहे. तो वाईटच राहू दे."

आयुष्यात एवढं मोठं कोणी मला काही म्हणालं नाही. मी गाडी चालवत होते म्हणून सावरले. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांपुरतं वाढवलं, मग परत सहा महिन्यांपुरतं, दर वेळी तोंडावर तोच आकड्यांचा कागद धरून. तू पुण्याला परतलीस आणि पुढच्याच वर्षी गेलीस. इथे मॅनेजर बदलत गेले, कागद तोच राहिला, आणि दर वेळी भांडायची ताकद माणूस कुठून आणणार? मी नोकरीत पक्की झाले, घर घेतलं. आता नव्या डॉक्टरांना त्यांचे आकडे मीच वाचून दाखवते.

हे लिहून मी कुठे टाकणार आहे, आई. तू असतीस तर लिहिलंच नसतं. गेली काही वर्षं माझा आकडा चांगला येतो, वॉर्डात सगळ्यांत चांगला. कसा, ते विचारू नकोस.