वळणावरची थरथर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज परत! चौकातून काचवाल्याच्या गल्लीत वळले आणि मागून थरथर सुरू — अख्खी पिकअप ताप भरल्यासारखी. मागे सहा आरसे. सगळे एकदम खणखणले. माझ्या तोंडचं पाणी पळालं! गल्ली सरळ झाली आणि थरथर गायब. जसं काही झालंच नव्हतं.

काचवाला दुकानाच्या दारात उभाच होता. एकेका आरशाची कड बोटाने चाचपून बघितली. म्हणाला, "वहिनी, तुमच्या गाडीत माझ्या मालाला कधी तडा गेला नाही. पण हा आवाज मला ऐकवत नाही." मग मुद्द्यावर आला. बावीस तारखेला नाचाच्या शाळेत बारा आरसे पोचवायचेत, प्रत्येक माणसापेक्षा उंच. तोवर गाडी शांत झाली तर ते काम माझं. नाहीतर तो दुसरी गाडी बघणार, आणि मग रोजचं कामही त्याच गाडीला जाणार, हे त्याने न बोलता सांगितलं.

घरी आले तर उस्ताद खिडकीत. तोंडावर "अहो", पण या वहीत ते उस्तादच. गाडी त्यांनीच शिकवली मला. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलं, मग डॉक्टरांनी उजवा डोळा तपासला आणि "आता बास" म्हणाले. जानेवारीपासून गाडी माझ्याकडे आणि खिडकी त्यांच्याकडे. शेजारी बसून चला म्हटलं तर म्हणाले होते, "त्या सीटवर मी कधी बसलेलो नाही." त्यानंतर बोलणंच आटलंय. भाजीत मीठ कमी असलं तरी सांगत नाहीत!

आज थरथरीचं सांगितलं. "हं," म्हणाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठल्या उठल्या मिस्त्रीकडे. गॅरेजला एक फेरी मारून आला. "ताई, गाडी एकदम ठणठणीत!" चाकाची बेअरिंगं बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले, खाली झोपून शाफ्टचा सांधा हलवून बघितला. काही नाही. मग हात पुसत हळूच म्हणाला, "हात नवा आहे ना तुमचा. वळताना क्लच अर्धवट राहत असेल."

हात नवा! आणि परत येताना — बाजाराच्या वळणावर — थरथर!! डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोनदा झालं. क्लच पूर्ण सोडला होता, शपथेवर सांगते. तरीही झालं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाच मिनिटं रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि माल पोचवला.

ठरवलं. बावीसपर्यंत कारण सापडलं नाही तर माझाच हात वाईट म्हणायचा आणि किल्ली दिराकडे द्यायची. तो गाडी विकायला टपलेलाच आहे. फोनवर रोज विचारतो, "वहिनी, झेपतंय ना?" त्याच्या त्या "ना"चा मला इतका राग येतो!

८ फेब्रुवारी, शनिवार

उस्तादांना विचारलंच. "खरं सांगा, माझा हात वाईट आहे का?"

पहिल्यांदाच खिडकीतून पूर्ण वळून बसले. उलट मलाच प्रश्न — कुठल्या बाजूला वळताना होतं? दोन्ही. जोरात वळताना की सावकाश? सावकाश. सरळ रस्त्यावर? कधीच नाही. रिकाम्या गाडीत? तेव्हाही. मग बराच वेळ स्वतःच्या नखांकडे बघत बसले.

१० फेब्रुवारी, सोमवार

नवल! उस्ताद पायी बाजारात जाऊन आले. हातात निळ्या सुतळीने बांधलेला पुडा. "काय आणलंत?" "खिळे." आमच्या घरात खिळे कुठे ठोकायचेत, देव जाणे. पण माणूस घराबाहेर पडला हे काय थोडं झालं! मी काही विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहिताना हसू आवरत नाहीये. सकाळी गाडी चालू केली, तर शेजारचं दार उघडलं आणि उस्ताद आत! स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. "तुझा हात चांगला आहे. दोष गाडीत आहे. मी बसून बघतो."

बसून बघतो म्हणे! पहिल्या चौकात त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला — पायाखाली ब्रेक नसताना — की मीच दचकले. नंतर दिवसभर तेच. कचकन पाय दाबायचा आणि खिडकीबाहेर बघून मला काही दिसलं नाही असं समजायचं. दुपारी बाजाराच्या वळणावर थरथरली. डोळे मिटून, हात सीटवर टेकून, मान वाकडी करून ऐकत राहिले. "मागून आहे," म्हणाले. अहो, ते मी आठ दिवस सांगतेय!

पण परतताना डबा उघडला आणि म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." कानाला इतकं गोड वाटलं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा दिवस शेजारी. तोंडाला खीळ नाही! कुठल्या वळणावर कधी काय झालं होतं याच्या कहाण्या. मधल्या पुलाच्या तोंडाशी म्हणे त्यांनी एकदा लग्नाचं अख्खं सामान चुकीच्या गावी नेलं होतं. सव्वीस वर्षांत घरी हे कधी सांगितलं नाही. घरी आले की दमलेले असायचे, आणि मी कामात.

थरथर एकदाच. खरं म्हणजे आज मी तिची वाटच बघत होते. झाली की दोघंही एकदम "आली!" म्हणतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोक्यात प्रकाश पडला! दुपारी उस्ताद सहज म्हणाले, "वही लिहितेस ना रोज? मग वाच की मागचं. गाडी किती चालल्यावर होतं ते बघ." बसले घेऊन, कुठून निघाले आणि कुठे थरथरली ते जुळवत. प्रत्येक वेळी निघून निदान वीस मिनिटं झालेली! गाडी थंड असताना एकदाही नाही.

आणि मी शहाणी मिस्त्रीकडे जाते कधी? सकाळी उठल्या उठल्या, थंडगार गाडी घेऊन. त्याला बिचाऱ्याला काय सापडणार!

१७ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्रीला चहाच्या ग्लासासकट गाडीत कोंबला. मधे तो, पलीकडे उस्ताद. अर्धा तास गावभर फिरवला. "ताई, गॅरेज उघडं आहे माझं!" "असू दे." मग बाजाराच्या वळणावर, अगदी सावकाश — थर्र! चहा त्याच्या पँटीवर. मी टाळीच वाजवली!

मिस्त्री उसळला. "मागच्या ॲक्सलचं तेल कोणी बदललं?"

मी म्हणणार होते कोणी नाही, तर उस्ताद लगेच, "मी. सव्वीस डिसेंबरला. हिच्या हातात गाडी द्यायच्या आधी सगळं नवं करून द्यावं म्हणून." "तेल कुठलं?" "ही घ्यायच्या आधीच्या जुन्या गाडीला घालायचो तेच."

सापडलं. वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात चकत्या असतात, त्या तेव्हा एकमेकींवरून हलकेच घसरायला पाहिजेत. जुन्या गाडीत या चकत्या नव्हत्याच. नव्या गाडीच्या तेलात एक छोटी बाटली वेगळी मिसळावी लागते, नाहीतर तेल तापलं की चकत्या चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात. तीच थरथर. माझा हात नव्हताच! मिस्त्री कान पकडून म्हणाला, "ताई, माफी."

मला त्यांच्यावर रागवायला हवं होतं. पण थंडीत, एका डोळ्याने, गाडीखाली झोपून माझ्यासाठी तेल बदललं या माणसाने. मला सांगितलंही नाही. राग आणायचा कुठून?

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल मिस्त्रीने तेल बदललं, बाटली त्याच्याकडचीच घातली. आज औषधोपचाराचा दुसरा भाग: मोकळ्या मैदानात सावकाश आठचे आकडे काढायचे, म्हणजे नवं तेल चकत्यांच्या मधे शिरतं. निदान डझनभर.

पहिल्या दोन आठांत थरथर. तिसऱ्यात कमी. सहाव्यात काहीच नाही! उस्ताद मोठ्याने मोजत होते. फुटबॉल खेळणाऱ्या मुली खेळ थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. बारा झाले तरी मी थांबेना. "अगं, झाले!" "आणखी दोन!" "चक्कर येतेय मला!" आणि हसतायत. इतकं हसताना त्यांना कधी पाहिलं होतं तेच आठवेना. सोळा आठ काढले. शेवटी मुलींनी टाळ्या वाजवल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बारा आरसे! गाडीची हूं की चूं नाही. काचवाला पुढे स्कूटरवर, प्रत्येक वळणावर मान वळवून कान देत होता. शाळेपाशी उतरून नुसती मान डोलावली. आम्हाला तेवढं पुरे.

कामगारांनी आरसे भिंतीला लावले तेव्हा आम्ही मधोमध उभे होतो. बारा उस्ताद आणि बारा मी. माझ्या नाकाला बाराही ठिकाणी काळं लागलेलं! नाचाच्या बाईंनी विचारलं, "गाडी कोण चालवतं?" उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. मी शेजारी बसतो."

संध्याकाळी दिराला मीच फोन केला. "झेपतंय हो!" म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उस्ताद आजही आले नाहीत. "गाडी बरी झाली. आता माझं काय काम?" खिडकीत बसलेत. मी चला म्हटलं, दोनदा म्हटलं. "उगीच गर्दी कशाला?"

गाडी सुरेख वळते. कोणाला सांगणार?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोरी शोधताना शेजारच्या सीटखाली हात घातला. निळ्या सुतळीचा पुडा. खिळे नव्हते. तीच छोटी बाटली — तेलात मिसळायची — सील न तोडलेली.

म्हणजे आठ तारखेला नखांकडे बघत बसले तेव्हाच त्यांना कळलं होतं. दहाला बाटली आणली. अकराला भांग पाडून गाडीत बसले. आणि आठ दिवस ती बाटली स्वतःच्या बुडाखाली ठेवून, मान वाकडी करून ऐकत होते!

आधी भयंकर राग आला. मी किल्ली द्यायला निघाले होते! मग त्यांचं ते "वही वाच की" आठवलं. मग तो नसलेला ब्रेक आठवला, आणि गाडीत एकटीच हसत सुटले. शेवटी डोळे पुसले. पुडा पुन्हा बांधला, सुतळीची गाठ होती तशीच मारली आणि सीटखाली ठेवून दिला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना म्हटलं, "अहो, बाजाराच्या वळणावर आज परत जरा थरथरल्यासारखं झालं."

हातातला घास तसाच राहिला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या बसून बघतो."

गाडी लोण्यासारखी वळली होती.