खोडलेल्या ओळींखालचे ठिपके

नेपल्स, ११ जानेवारी १८५५

प्रिय रोकीनाताईस,
तुझ्या हातांवर ओठ टेकवून धाकट्या भावाचा नमस्कार.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या लाल मिरच्यांची माळ खेचरवाल्या कानिओनं नीट आणून पोचवली. मिरच्या तेलात तळून खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या जळल्या. त्या नेमक्या कधी उचलायच्या हे तुझ्या हाताला कळतं, मला नाही. थंडीनं माझा गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत ठीक. हे पत्र डॉन साबीनो नेहमीप्रमाणे अंगणात मोठ्यानं वाचून दाखवत असतील, तेव्हा जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. भिंतीपलीकडून कान लावून बसलेल्या तुझ्या जावेलाही सांग.

ऑपेरा पुरा झाला. नाव ‘वेशीवरची आई’ हेच ठेवलं. गोष्ट तुझ्या दोनातोनं तुला सांगितलीच असेल. जुन्या काळचा एक राजा एका पोराला फाशी देतो आणि प्रेत गावात आणायला बंदी करतो. मग आई वेशीवर उभी राहून लेकाला नावानं हाक मारते, आपल्याकडच्या बायका गेलेल्या माणसाला मारतात तशी, त्याच्या एकेका वस्तूचं नाव घेत. शब्द सगळे तुझ्या लेकाचे. ताई, भावजी गेले तेव्हा तू जे बोललीस, त्यांच्या कुऱ्हाडीबद्दल, चामड्याच्या पिशवीबद्दल, ते तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या त्या पोरानं इतकं मनात धरून ठेवलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या गाण्याला चाल लावायला बसायचो तेव्हा आधी हात धुवायचो. हसू नकोस.

दोनातोबद्दल विचारलंस. तो ठीक आहे. इथं ऑपेऱ्याचे शब्द आधी राजाच्या सेन्सॉरकडे जातात हे तुला माहीत आहे. आमच्या वहीत एका पानावर चार ओळी अशा निघाल्या की त्यांना त्या खटकल्या. त्याबद्दल विचारपूस करायला त्याला ठेवून घेतलंय, किल्ल्यात. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, सगळे तसंच म्हणतात. मी दोन लोकरी सदरे पाठवून दिले आहेत. त्या ओळी कशा काय राहिल्या हे विचारू नकोस, घाईत अशा गोष्टी राहून जातात.

जास्त काळजी करत बसू नकोस. जमलं तर अजून थोड्या मिरच्या पाठव.

तुझा,
ओरोन्झो


नेपल्स, ६ मार्च १८५५

प्रिय ताई,
नमस्कार. तुझी तीन पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण मी सध्या ऑपेऱ्यापायी रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात उभा असतो.

परवा दोन तास डॉन एलीजिओंसमोर होतो. हेच ते सेन्सॉर. पेशानं पाद्री, एकेकाळी ऑर्गन वाजवायचे, म्हणून संगीत आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. समोर आमची वही, हातात लाल पेन्सिल, शेजारी मिरी घातलेल्या कडक बिस्किटांची बशी. तुला सगळं सांगतो, म्हणजे तुझ्या भावाचं काय चाललंय ते कळेल.

“मास्तर,” ते म्हणाले, “राजा फाशी देतो हे चालणार नाही. सरदार करा.”

“सरदारानं दिली तर फाशी कमी लागते का?”

“जीभ आवरा. आणि गोष्ट नॉर्वेत न्या. तिथं आपलं कोणी नाही.”

“नॉर्वेतली आई लेकाला अशी हाक मारत नाही, साहेब.”

“तुम्ही गेला होतात?”

“तुम्ही गेला होतात?”

त्यांना हसू आलं, पण पेन्सिल काही खाली ठेवली नाही. म्हणाले, “मला समजून घ्या. रंगमंचावरचा राजा नुसता शिंकला तरी वाड्यावरून विचारणा येते. निदान प्रेत तरी पडद्याआड न्या.”

“प्रेत दिसतच नाही,” मी म्हटलं. “ते देत नाहीत, हीच तर गोष्ट आहे.”

असं चाललंय. पण मी एक पाऊल मागे गेलेलो नाही. वेस अजून वेस आहे, राजा अजून राजा आहे. त्या चार ओळींवर मात्र गाडं अडलंय. मी स्पष्ट सांगितलं की त्यांच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. सूर तिथवर चढत चढत जातो. त्या काढल्या तर जिना राहील आणि गच्ची जाईल. कापायचंच असेल तर ऑपेरा परत द्या, म्हटलं. थिएटरातले वादक हल्ली मला पाहून उभे राहतात. आमची मुख्य गायिका तर माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, राजापुढे न वाकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तुला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतेस, भेटलास का. ताई, त्याला परवानगी लागते, परवानगीला अर्ज लागतो. करतो. पहारेकऱ्याकडून कळलं की त्याला खोकला आहे. किल्ला समुद्राला लागून आहे, तिथली हवाच तशी. ऑपेरा मंजूर झाला की त्याचंही प्रकरण आपोआप मिटेल, म्हणून तर मी एवढा भांडतोय. हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय असं समज.

आणि तू लिहिलंस की त्या ओळी त्यानं स्वतःच खोडल्या होत्या, नाताळच्या पत्रात तुला तसं कळवलं होतं. असेल. वहीत बरंच काही खोडलेलं असतं.

गुडघा बरा आहे. डॉन साबीनोंना नमस्कार.

तुझा,
ओरोन्झो


नेपल्स, २ मे १८५५

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही, कानिओच्या हातात देतोय. ते डॉन साबीनोंकडे नेऊ नकोस. बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर अक्षरं शिकवली, आणि माझ्या आधी ती तुला आली होती. सावकाश वाच, पण स्वतः वाच.

सरकारी कागद तुला मिळाला हे कळलं. दोनातो एकोणीस एप्रिलला त्या खोकल्यातच गेला. मला दोन दिवसांनी कोणीतरी थिएटरात सांगितलं, आणि मी प्रेत मागायला किल्ल्यावर गेलो. तोवर खड्डा बुजवून वर चुना टाकून झाला होता. पहारेकऱ्यानं मला लोकरी सदऱ्यांचं गाठोडं परत दिलं. दोन्ही घडी न मोडलेले. मी ते जानेवारीत कोणाच्या तरी हाती दारावर धाडले होते आणि आत पोचले का हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दारात मी स्वतः त्याच दिवशी पहिल्यांदा उभा राहिलो. भेटीचा अर्ज मी कधी केलाच नाही. त्याच्यासमोर जायला मला भीती वाटत होती. का ते आता सांगतो.

दोनातो आणि मी एकाच टेबलाशी बसून, एकाच दौतीत टाक बुडवून काम करायचो. तो लिहायचा, नको वाटलं ते आडवी रेघ मारून खोडायचा. त्यातलं एखादं मला हवं असलं तर मी रेघेखाली ठिपके द्यायचो. आमच्या धंद्यात ठिपक्यांचा अर्थ एवढाच, की हे खोडलेलं धरू नका, राहू द्या. त्या चार ओळी अशा आहेत:

*ज्या ओकाचं तुझं सिंहासन, राजा,*
*त्याच ओकाची माझ्या लेकराची पेटी.*
*पेटी मातीत टिकून राहील,*
*सिंहासनाला आतून कीड लागली आहे.*

त्यानं त्या नाताळच्या आधी खोडल्या. म्हणाला, “मामा, या नकोत. ऐकायला चांगल्या आहेत, पण आई असं बोलत नाही. शिवाय यांच्यापायी पोलीस घरी येतील.”

मी म्हटलं, “घाबरट कुठला.”

“घाबरट तर घाबरट. खोडल्यात त्या.”

पण माझी चाल बांधून झाली होती, ताई, आणि मी तिच्यावर भाळलो होतो. तो बाहेर गेल्यावर मी चारही ओळींखाली ठिपके दिले. सेन्सॉरकडे स्वच्छ प्रत पाठवायची असते. प्रत काढायला आठवडा गेला असता, आणि ती काढताना त्याच्या ते लक्षात आलं असतं. म्हणून मी घाई आहे असं सांगून तीच वही पाठवली.

तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सात जानेवारीला, डॉन एलीजिओंनी आम्हां दोघांना बोलावलं. पानावर बोट ठेवून विचारलं, “ओळी पोराच्या अक्षरात आहेत, खोडलेल्याही आहेत. खोडल्या असतील तर गुन्हा नाही. मग खाली हे ठिपके कोणी दिले?”

मी तोंड उघडलं होतं. हे खरं आहे, तू मान किंवा मानू नकोस. दोनातो माझ्याकडे वळला. त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, “मी.”

डॉन एलीजिओ मला म्हणाले, “मास्तर?”

मी हातातल्या टोपीकडे पाहत राहिलो.

त्याला नेताना तो माझ्या जवळून गेला. म्हणाला, “मामा, तुम्ही ऑपेरा उभा करा. मी पंधरा दिवस झोप काढतो.” रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी कदाचित बोललो असतो.

मग मी साडेतीन महिने ओळींसाठी भांडलो. ज्यानं त्या लिहिल्या त्याच्यासाठी एक शब्द बोललो नाही. “ठिपके माझे आहेत” एवढंच वाक्य होतं. ते रोज सकाळी तोंडाशी यायचं आणि मी पियानोला बसलो की मागे पडायचं. मी तुला लिहिलं की हे सगळं त्याच्यासाठी चाललंय. ते खोटं होतं. मला उभं राहणारे वादक आवडत होते.

तो गेल्यावर मी ते वाक्य बोलून आलो. डॉन एलीजिओंनी उठून दार लावलं. म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सुरांना टिंब देता तसेच होते ते, टाक दाबून दिलेले. पण कबूल करणारा समोर उभा होता आणि तुम्ही गप्प होतात. मी काय करायचं होतं?”

“आता लिहून घ्या.”

“मेलेल्याचं प्रकरण कोणी उघडत नाही, मास्तर. घरी जा. हा कागद मात्र घेऊन जा.”

कागद मंजुरीचा होता. राजा राजाच ठेवला, वेस वेसच, आईचं गाणंही तसंच. चार ओळींच्या जागी गायिकेनं शब्दांशिवाय नुसता आवाज लावायचा, माझी चाल जशीच्या तशी ठेवून. आणि छापील पुस्तकावर कवीचं नाव घालायचं नाही. “तुमचा एकही सूर गेला नाही,” ते म्हणाले. “एवढं आजवर कोणाला मिळालं नव्हतं. तुम्ही जिंकलात.”

मी वही मागून घेतली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. ऑपेरा होणार नाही. याला धैर्य म्हणू नकोस. धैर्य सात जानेवारीला लागणार होतं. मला फक्त एवढंच वाटलं की त्याचे शब्द आणि त्याचं नाव काढून माझी चाल तेवढी उरणार असेल, तर ती ऐकायला मी बसू शकणार नाही.

आता कानिओनं काय सांगितलं ते लिहितो. तो गेल्याचा सरकारी कागद आला त्या दिवशी तू नेपल्सच्या वाटेवर, गावाच्या हद्दीच्या दगडापाशी जाऊन उभी राहिलीस म्हणे. बायका मागे थांबल्या होत्या. मी संगीतकार आहे ताई, अजूनही आहे, देव मला क्षमा करो, मी पहिलं हेच विचारलं की ती मोठ्यानं हाक मारत होती का.

“छे हो,” कानिओ म्हणाला. “जेवायला बोलावतात तशी. हळू. राजाचं नाव नाही, शिव्याशाप नाहीत. त्याच्या निळ्या सदऱ्याचं बोलत होती. कोपराला ठिगळ लावायचं राहून गेलं म्हणाली. मग म्हणाली, ये रे, निवतंय.”

दोनातोचं बरोबर होतं. आई तसं बोलत नाही. जिथं पोचायला मी एवढे सूर चढवले, तिथं काहीच नव्हतं. त्यानं एकदा ऐकलं होतं, दहा वर्षांचा असताना, आणि त्याला ते ठाऊक होतं. मी तुझा सख्खा भाऊ, त्या दिवशी तिथंच उभा होतो, आणि मी फक्त चाल ऐकली होती.

क्षमा मागत नाही. तुला ती द्यावीशी वाटेल अशी भीती वाटते.

कानिओबरोबर दोन्ही सदरे पाठवतोय, आणि वहीतलं ते एक पान. त्याचं अक्षर तुला ओळखू येईल. जाळ किंवा ठेव. ठेवलंस आणि पुढे कधी कोणी विचारलं, तर एवढं नक्की सांग की ओळी त्याच्या आहेत आणि त्यांवरची रेघही त्याचीच आहे.

रेघेखालचे ठिपके ज्याचे, तो
ओरोन्झो